परकीय भूधारणा कायदे, कॅलिफोर्नियातील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे नागरिक होण्यास अपात्र ठरविलेल्या परदेशीयांना जमिनीची मालकी नाकारणारे कॅलिफोर्निया राज्याचे कायदे. पहिला कायदा १९१३ मध्ये झाला. १९२० व १९२३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला आणि १९५६ मध्ये मतदारांनी तो रद्द केला. हे कायदे शेतजमिनीच्या वादातून जन्मले व त्यांच्या इतिहासात शेतीच्या प्रश्नालाच अधिक स्थान मिळाले आहे. तथापि परक्या देशात कायमची वस्ती करू पाहणाऱ्या कुटुंबाला स्वतःचे घर विकत घेता येते की नाही, हा प्रश्न त्यांच्यामुळे जितक्या स्पष्टपणे पुढे आला, तितका क्वचितच अन्यत्र आला असेल. घर ज्याच्या पैशाने घेतले त्याच्या नावावर ते करता येत नाही आणि ज्याच्या नावावर केले तो पाळण्यातला मूल आहे, असा प्रकार या कायद्यांमुळे नित्याचा झाला.

परकीयाने जमीन धारण करावी की नाही, हा प्रश्न मुळात राजनिष्ठेशी जोडलेला होता. इंग्लंडच्या रूढिविधीनुसार परकीयाला जमीन वारसाहक्काने मिळत नसे. त्याने ती विकत घेतल्यास खरेदी लगेच रद्द होत नसे, पण चौकशी करून राजा ती केव्हाही ताब्यात घेऊ शके. भूमी ही राजाकडून धारण करावयाची व धारकाने राजाशी इमान राखावयाचे, अशी सरंजामी कल्पना त्यामागे होती. ब्रिटनमध्ये हे निर्बंध १८७० च्या कायद्याने उठविण्यात आले. अमेरिकेत जमिनीविषयीचे कायदे करण्याचा अधिकार घटक राज्यांकडे राहिला आणि प्रत्येक राज्याने आपापल्या गरजेनुसार धोरण आखले. माणसांची वाण असलेल्या नव्या राज्यांनी परकीयांना सढळ हाताने जमिनी दिल्या. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या संविधानाने राज्यात खरोखर वास्तव्य करणाऱ्या परकीयांना मालमत्तेच्या बाबतीत जन्मजात नागरिकांप्रमाणेच हक्क दिले होते. तीस वर्षांनी चिनी मजुरांविरुद्ध लोकमत तापले असताना १८७९ चे संविधान तयार झाले. त्यात ही हमी गोऱ्या वंशाच्या व आफ्रिकी वंशाच्या, नागरिकत्वास पात्र अशा परकीयांपुरती मर्यादित करण्यात आली. पुढील सर्व इतिहासाचे बीज या फेरबदलात आढळते.

नागरिकत्वास पात्र कोण, हे ठरविणारा कायदा संघराज्याचा होता. १७९० च्या कायद्याने नागरिकीकरणाचा लाभ केवळ स्वतंत्र गौरवर्णी व्यक्तींना दिला होता. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींची भर पडली. चिनी लोकांना १८८२ च्या कायद्याने स्पष्टपणे वगळण्यात आले. जपानी लोकांविषयी बराच काळ संदिग्धता होती. ताकाओ ओझावा याच्या खटल्यात १९२२ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेही अपात्र असल्याचा निर्णय दिला. मात्र चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार (१८६८) अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल जन्मतःच नागरिक ठरे, मग त्याचे आईबाप कोणत्याही वंशाचे असोत. वाँग किम आर्क खटल्याने (१८९८) हे तत्त्व निःसंदिग्धपणे प्रस्थापित केले होते. आईबाप आयुष्यभर परके आणि मुले जन्मापासून नागरिक, अशी एकाच छपराखालची विभागणी या दोन नियमांमुळे झाली.

१९१३ चा कायदा : विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी स्थलांतरित कॅलिफोर्नियात मजूर म्हणून आले आणि थोड्याच वर्षांत खंडाने किंवा बटाईने शेती करू लागले. १९०७–०८ मध्ये अमेरिका व जपान यांच्यात झालेल्या समझोत्याने नव्या मजुरांचे येणे थांबले, परंतु आधी आलेल्यांना आपल्या बायका आणता येत होत्या. त्यामुळे कुटुंबे उभी राहिली. १९१० च्या जनगणनेत राज्यात ४१,३५६ जपानी होते. १९२० मध्ये ही संख्या ७१,९५२ झाली. राज्याच्या एकूण लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण अल्पच होते. पण एकटे मजूर येतात व जातात, कुटुंबे राहतात. विरोधकांना खुपले ते हेच.

१९ मे १९१३ रोजी गव्हर्नर हायरम जॉन्सन याने कायद्यावर सही केली. त्याचे शिल्पकार म्हणून राज्याचा महाधिवक्ता युलिसिस वेब व विधिज्ञ फ्रान्सिस हेनी यांची नावे घेतली जातात. कायदा होऊ नये म्हणून राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन याने परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन याला राज्याची राजधानी सॅक्रामेंटो येथे धाडले होते. जपाननेही तीव्र निषेध नोंदविला. दोहोंचा उपयोग झाला नाही. कायद्याच्या मसुद्यात जपानी हा शब्द कोठेही नव्हता. नागरिकत्वास पात्र असलेल्या परकीयांना नागरिकांप्रमाणेच जमीन घेता येईल आणि इतर परकीयांना आंतरराष्ट्रीय तहात जेवढे हक्क दिले असतील तेवढेच मिळतील, एवढेच त्यात म्हटले होते. शेतजमिनीचा भाडेपट्टा त्यांना जास्तीत जास्त तीन वर्षांचा घेता येई. कायद्याचा भंग करून घेतलेली मिळकत सरकारजमा होई. वंशाचा उल्लेख टाळून वंशभेद करण्याची ही युक्ती होती. स्वतः वेबने मात्र त्याच वर्षी एका जाहीर भाषणात आडपडदा ठेवला नाही. जमीन घेता आली नाही तर हे लोक मोठ्या संख्येने येणार नाहीत व आले तरी फार काळ टिकणार नाहीत, असा कायद्याचा हेतू त्याने सांगितला.

तहाने दिलेले हक्क कोणते, हे पाहिले म्हणजे घराच्या प्रश्नातील गुंता लक्षात येतो. १९११ च्या अमेरिका–जपान व्यापार व नौकानयन तहानुसार एका देशाच्या प्रजाजनांना दुसऱ्या देशात घरे, कारखाने, वखारी व दुकाने यांची मालकी घेता येत होती. जमीन मात्र निवासासाठी व व्यापारासाठी केवळ भाडेपट्ट्याने घेता येत होती. म्हणजे रिव्हरसाइड किंवा सॅक्रामेंटो येथील जपानी खाणावळवाल्याला भिंती व छप्पर यांचा मालक होता येई, पण ती ज्या मातीवर उभी आहेत तिचा होता येत नसे. इमारत व तिच्याखालची जमीन यांची मालकी वेगळी करणे कायद्याच्या पुस्तकात अवघड नाही. बाजारात मात्र घर विकणारा जमिनीसह विकतो, आणि पट्ट्याच्या जमिनीवरील घराला सावकार सहसा तारण म्हणून स्वीकारत नाही. तहाने दिलेला हक्क त्यामुळे गावातल्या सामान्य गिऱ्हाइकाच्या फारसा उपयोगी पडला नाही.

हाराडा खटला : या गुंत्याचा पहिला मोठा निवाडा एका राहत्या घरावरूनच झाला. जुकिची हाराडा हा जपानच्या आइची प्रांतातला. दक्षिण कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड या संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात तो खाणावळ चालवीत असे. १९१३ मध्ये त्याचा ताडाओ हा लहान मुलगा घटसर्पाने मरण पावला. गर्दीच्या वस्तीतल्या भाड्याच्या खोल्यांत आणखी मुले वाढवू नयेत, या विचाराने त्याने व त्याची पत्नी केन हिने चांगल्या वस्तीत घर शोधण्यास प्रारंभ केला. डिसेंबर १९१५ मध्ये लेमन स्ट्रीटवरील एक लहानसे लाकडी घर १,५०० डॉलरना ठरले. खरेदीखत जुकिचीच्या नावे झाले नाही. मिने, सुमी व योशिझो या अमेरिकेत जन्मलेल्या तीन मुलांच्या नावे झाले. त्यांतील एकही मूल सज्ञान नव्हते.

शेजाऱ्यांनी समिती नेमली. घर परत विकत घेण्याची तयारी त्यांनी दाखविली. हाराडाने नकार दिला, तेव्हा प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्याकडे गेले. १९१६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने हाराडाविरुद्ध दावा दाखल केला. मुलांची नावे ही केवळ आड असून खरा मालक बाप आहे, सबब मिळकत सरकारजमा करावी, अशी मागणी होती. आपल्याकडील परिभाषेत हा बेनामी व्यवहाराचा आरोप होय. पैसे बापाने दिले, घरात बाप राहतो, दुरुस्ती बाप करतो, हे सारे खरेच होते. खटला चालू असतानाच घरावर वरचा मजलाही चढविण्यात आला. प्रश्न एवढाच होता की, बापाने मुलांना घर देणे ही खरी देणगी आहे की कायद्याला दिलेली हुलकावणी.

न्यायाधीश ह्यू क्रेग याने सप्टेंबर १९१८ मध्ये निकाल दिला. मूळ कायदा वैध आहे, हे त्याने मान्य केले. परंतु अमेरिकेत जन्मलेली मुले अमेरिकेचीच नागरिक आहेत, त्यांची स्थिती कितीही सामान्य असो, आणि नागरिकाला जमीन धारण करण्याचा पूर्ण हक्क आहे, असे ठरवून त्याने घर मुलांकडे ठेवले. हा विजय अर्धामुर्धा होता. बाप आपल्याच घरात कायद्याच्या दृष्टीने मुलांचा पाहुणा राहिला. मुले अज्ञान असेपर्यंत त्यांच्या वतीने व्यवहार कोणी पाहावयाचा, हा प्रश्नही शिल्लक उरला, आणि कायद्याच्या पुरस्कर्त्यांनी पुढचा घाव नेमका तेथेच घातला.

१९२० ची दुरुस्ती व नंतरचे निर्बंध : नोव्हेंबर १९२० मध्ये मतदारांपुढे थेट ठेवलेला नवा कायदा सुमारे तिपटीच्या मताधिक्याने संमत झाला. शेतजमिनीचे भाडेपट्टेही आता बंद झाले. अपात्र परकीयाला आपल्याच अज्ञान मुलाच्या स्थावर मिळकतीचा पालक होता येणार नाही, असे ठरले. परकीयाने पैसे दिले व खत दुसऱ्याच्या नावे झाले, तर तो व्यवहार कायदा टाळण्यासाठीच केला असे गृहीत धरावयाचे, अशीही तरतूद झाली. पालकत्वावरील बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने यानो प्रकरणी १९२२ मध्ये अमान्य केली. बापाला मुलाचा सांभाळ करता येतो पण त्याच्या मिळकतीचा करता येत नाही, ही भूमिका टिकणारी नव्हती. गृहीतकाची तरतूद मात्र कायम राहिली. ते खोटे पाडण्याची जबाबदारी ज्याच्या नावे जमीन आहे त्याच्यावर, म्हणजे बहुधा एखाद्या शाळकरी मुलावर, येऊन पडे.

१९२३ मध्ये बटाईचे करारही कायद्याच्या कक्षेत आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या दोन राज्यांच्या कायद्यांविरुद्धचे चार दावे फेटाळले आणि परकीयांत पात्र व अपात्र असा भेद करण्यास राज्ये मोकळी आहेत, असा निर्वाळा दिला. त्यानंतर पश्चिमेकडील अनेक राज्यांत असे कायदे पसरले. जेथे कायदा पुरा पडत नसे तेथे खासगी अटी उपयोगी पडत. हे घर आशियाई वा आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीला विकणार किंवा भाड्याने देणार नाही, अशी अट खरेदीखतातच घालण्याची प्रथा शहरांच्या नव्या उपनगरांत रूढ होती व न्यायालये तिची अंमलबजावणी करीत.

भारतीय रहिवासी : पंजाबातून गेलेले काही हजार भारतीय या काळात पॅसिफिक किनाऱ्यावर होते. त्यांतील काहींना स्थानिक न्यायालयांनी गौरवर्णी मानून नागरिकत्व दिले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी हा मार्ग बंद केला. वंशशास्त्र भारतीयांना काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते गोरे नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले. तीनच महिन्यांपूर्वी ओझावाला नागरिकत्व नाकारताना हेच न्यायालय वांशिक वर्गीकरणाच्या आधारे बोलले होते, ही विसंगती नमूद करण्याजोगी आहे. या निर्णयाने भारतीय अपात्र परकीयांच्या वर्गात गेले आणि जमिनीचा कायदा आपोआप त्यांना लागू झाला. पूर्वी दिलेली नागरिकत्वेही सरकार एकामागून एक रद्द करू लागले.

यात सर्वाधिक करुण हकीकत वैष्णोदास बगाई यांची आहे. पेशावरचे हे सधन गृहस्थ १९१५ मध्ये पत्नी कलाबाई व तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्को येथे उतरले. बर्कली येथे त्यांनी घर विकत घेतले. पण सामान घेऊन गेले तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलपे ठोकलेली आढळली आणि त्यांना परत फिरावे लागले. १९२१ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. थिंड निकालानंतर ते नागरिकत्व गेले, दुकान व मिळकत हातची गेली. स्वदेशाला भेट द्यावयाची तर ज्या ब्रिटिश सत्तेच्या विरोधात ते उभे होते, तिचेच पारपत्र घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली व आपल्या मृत्यूचे कारण वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात सांगितले. घर, देश व नागरिकत्व या तिन्हींच्या अभावाची तक्रार त्यात होती. बर्कली शहराने २०२० मध्ये एका रस्त्याला कला बगाई यांचे नाव दिले.

त्याच काळात एका भारतीयाने हा लढा जिंकला. सखाराम गणेश पंडित (नावाची घडण मराठी वाचकाला परकी वाटणार नाही) हे अहमदाबादचे. १९१४ मध्ये ते नागरिक झाले, १९१७ पासून लॉस अँजेल्स येथे वकिली करू लागले, आणि थिंड यांचे वकीलपत्रही त्यांनीच घेतले होते. सरकारने त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावर दावा लावला, तेव्हा नागरिकत्वाचा खरा अर्थ काय, हे त्यांनी व्यवहाराच्या भाषेत मांडले. त्या एका कागदावर विसंबून आपण मायदेशातील हक्क सोडले, वकिलीची सनद घेतली, घर केले, विवाह केला. नागरिकत्व गेले तर व्यवसाय व घर दोन्ही जातील. शिवाय त्यांची पत्नी जन्माने अमेरिकन होती. अपात्र परकीयाची पत्नी आपले नागरिकत्व गमावते, असा १९२२ चा केबल कायदा होता, तेव्हा तिच्या नावची जमीनही धोक्यात येणार होती. सरकारने १९१४ चा निर्णय वेळीच अपील न करता मान्य केला असल्याने तो आता उकरून काढता येणार नाही, या मुद्द्यावर दोन्ही न्यायालयांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला आणि उरलेले दावे सरकारने सोडून दिले. वंशाविषयीचा थिंड निर्णय मात्र तसाच राहिला.

मेक्सिकोच्या सीमेवरील इंपीरियल खोऱ्यात पंजाबी शेतकऱ्यांनी वेगळी वाट शोधली. १९१७ च्या कायद्याने भारतातून येणे बंद झाल्यामुळे त्यांना गावाकडून बायका आणणे अशक्य झाले होते. अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. जमीन कधी एखाद्या गोऱ्या मित्राच्या, वकिलाच्या किंवा बँकवाल्याच्या नावे, आणि पुढे अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे ठेवली जाई. हे सर्व विश्वासावर चाले. विश्वासघात झाला तर दाद मागता येत नसे, कारण दाद मागणे म्हणजे कायदाभंगाची कबुली देणे होते. १९३३ मध्ये इंपीरियल परगण्यात अशा व्यवहारांबद्दल पंजाबी शेतकरी व त्यांचे गोरे साथीदार यांच्यावर कटाचे आरोपही ठेवले गेले.

याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हालमध्ये १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने भारतीयांना ठराविक वस्त्यांबाहेर स्थावर मिळकत घेण्यास मनाई होती. तेथेही गोऱ्या स्नेह्यांच्या नावे खते करण्याची आणि कंपनी स्थापून तिच्या नावे घर घेण्याची प्रथा पडली होती. क्रूगर्झडॉर्प नगरपालिकेविरुद्धच्या दादू खटल्यात (१९२०) कंपनी ही तिच्या भागधारकांहून भिन्न व्यक्ती असल्याचे न्यायालयाने मान्य केले. परंतु तोवर १९१९ च्या कायद्याने कंपन्यांचा रस्ताही बंद केलेला होता. दोन्ही देशांतील भारतीयांची खटपट एकाच प्रकारची होती.

युद्धकाळ व निर्बंधांचा शेवट : जानेवारी १९४० मध्ये १९११ चा तह संपुष्टात आला आणि घरापुरता जो हक्क जपानी रहिवाशांना होता, त्याचा आधारही वादग्रस्त बनला. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानुसार पॅसिफिक किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलविण्यात आले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जन्मजात अमेरिकी नागरिक होते. हाराडा कुटुंबही त्यांत होते. जुकिचीचा मुलगा हॅरल्ड याने घर सोडण्यापूर्वी वरच्या मजल्यावरील खोलीच्या भिंतीवर २३ मे १९४२ ही तारीख व सकाळची वेळ पेन्सिलीने लिहून ठेवली. ती अक्षरे टिकून राहिली आहेत. केन १९४३ मध्ये व जुकिची १९४४ मध्ये युटा राज्यातील टोपाझ छावणीतच मरण पावली. घर मात्र राहिले, कारण एका गोऱ्या मित्राने युद्धकाळात तेथे राहून ते सांभाळले. सुमी युद्धानंतर परतली, छावण्यांतून सुटलेल्या बेघरांना तिने तेथे आसरा दिला आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांपर्यंत ती त्याच घरात राहिली. १९९० मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले.

इतरांचे नशीब इतके बरे नव्हते. घरधनी छावणीत असताना राज्याने जमिनी सरकारजमा करण्याचे दावे जोमाने चालविले. काजिरो ओयामा याने सॅन डिएगो परगण्यात १९३४ मध्ये सहा एकर व १९३७ मध्ये आणखी दोन एकर जमीन आपल्या फ्रेड या मुलाच्या नावे घेतली होती. पहिल्या खरेदीच्या वेळी फ्रेड सहा वर्षांचा होता. कुटुंब स्थानभ्रष्ट असताना १९४४ मध्ये राज्याने दावा आणला. १९ जानेवारी १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की, इतर कोणत्याही बापाने मुलाला जमीन दिली तर ती देणगी मानली जाते आणि जपानी बापाने दिली तर लबाडी मानली जाते, यात फ्रेडच्या नागरिकत्वाच्या हक्काचा भंग होतो. मूळ कायद्याच्या वैधतेला न्यायालयाने हात घातला नाही. तरी गृहीतकाचा कणा मोडल्यावर कायद्यात जीव फारसा उरला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात खरेदीखतांतील वंशभेदी अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असे ठरले. लोकमतही पालटत होते. कायद्यात विधिमंडळाने केलेल्या दुरुस्त्या कायम करण्याचा प्रस्ताव १९४६ मध्ये मतदारांनी फेटाळला होता.

अखेरचा घाव घालण्याचे श्रेय सेई फुजी (१८८२–१९५४) याच्याकडे जाते. त्याने १९११ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली होती. नागरिक नसल्यामुळे सनद मिळाली नाही, म्हणून तो लॉस अँजेल्स येथे जपानी वृत्तपत्र चालवू लागला. १९४८ मध्ये त्याने मुद्दाम स्वतःच्या नावे जमिनीचा एक तुकडा विकत घेतला आणि राज्याला आव्हान दिले. १९५० मध्ये अपील न्यायालयाने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा आधार घेऊन कायदा निष्प्रभ ठरविला व त्यावरून देशभर चर्चा झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ एप्रिल १९५२ रोजी सनदेचा आधार नाकारला. तथापि कायदा चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षणाच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे चार विरुद्ध तीन मतांनी जाहीर केले. त्याच वर्षी मासाओका प्रकरणाचाही निकाल लागला. अमेरिकी सैन्यात लढलेल्या भावांनी आपल्या वृद्ध आईला घर बांधण्यासाठी पॅसाडीना येथील जागा दिली होती, आणि कायदा म्हणत होता की ती जागा तिची होऊ शकत नाही. या भावांपैकी एक युद्धात कामी आला होता. निकाल आईच्या बाजूने लागला. १९५२ च्याच मॅकॅरन–वॉल्टर कायद्याने नागरिकीकरणातील वंशाची अट काढून टाकल्यामुळे अपात्र परकीय हा वर्गच उरला नाही. फुजीला १९५४ मध्ये नागरिकत्व मिळाले आणि त्याच वर्षी तो वारला.

भारतीयांवरील बंदी त्याआधी, जुलै १९४६ च्या लूस–सेलर कायद्याने उठली होती. दलिपसिंग सौंद (१८९९–१९७३) यांनी इंपीरियल खोऱ्यात अनेक वर्षे शेती केली, पण कायद्यामुळे जमीन स्वतःच्या नावे ठेवता येत नव्हती. ते १९४९ मध्ये नागरिक झाले. ६ नोव्हेंबर १९५६ च्या निवडणुकीत ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले; आशियाई वंशाचा पहिला सदस्य म्हणून त्यांची नोंद होते. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी परकीय भूधारणा कायदा रद्द करण्याच्या प्रस्तावाला संमती दिली.

अन्य राज्यांत हे कायदे रेंगाळले. वॉशिंग्टनमध्ये तो १९६६ मध्ये, कॅन्ससमध्ये २००२ मध्ये व न्यू मेक्सिकोत २००६ मध्ये गेला. फ्लॉरिडाच्या संविधानातील तरतूद काढण्यास २०१८ उजाडले. त्याच फ्लॉरिडात मे २०२३ मध्ये नवा कायदा झाला. त्यानुसार चीनमध्ये अधिवास असलेल्या व अमेरिकेचे नागरिक वा कायम रहिवासी नसलेल्या व्यक्तींना स्थावर मिळकत घेण्यास मनाई आहे. निकष वंशाचा नसून अधिवासाचा आहे आणि राष्ट्रीय सुरक्षितता हे त्याचे कारण दिले जाते. वैध प्रवेशपत्रावर राहणाऱ्यांसाठी एक अपवाद ठेवलेला आहे. पर्यटक म्हणून आलेल्यांना त्याचा लाभ नाही. इतरांना राहण्यासाठी एकच घर, दोन एकरांपर्यंतच्या जागेवर आणि लष्करी तळापासून पाच मैलांच्या बाहेर, विकत घेता येते.